बिननावाचा खांब

रकानाकाकूंना रिकामं काही बघवत नाही. टेबलावर रिकामा कप दिसला की तो उचलला जातो, रिकामी खुर्ची दिसली की तिच्यावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या चढतात, आणि बोलता बोलता कोणी नुसता श्वास घ्यायला थांबलं, की त्याचं उरलेलं वाक्य काकू पुरं करून टाकतात. बहुतेक वेळा चुकीचं; पण इतक्या जिव्हाळ्यानं, की आपल्याला खरं काय म्हणायचं होतं ते सांगायची समोरच्यालाच लाज वाटावी. तळमजल्यावरचे पोस्टमन एकदा त्यांच्याकडे बसले असताना ‘डॉक्टर म्हणाले की’ एवढंच बोलून शिंकले. काकू म्हणाल्या, साखर बंद ना, मला वाटलंच होतं. डॉक्टर बोलले होते ते गुडघ्याबद्दल. पण पोस्टमन पडले भिडस्त. तेव्हापासून काकूंकडे ते बिनसाखरेचा चहा पितात आणि घरी जाऊन तोंड गोड करतात.

काका अगदी दुसऱ्या टोकाचे. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं त्यांचं काम. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, एक भिंग घालायचं, दुसरं घालायचं, हे बरं की ते बरं, असं विचारायचं आणि गप्प राहून वाट बघायची. ही वाट बघायची सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली आहे, की घरी काकूंनी काही विचारलं तरी ते उत्तर नीट उजेडात धरून, पारखून द्यायला निघतात. ते उत्तर ओठांपर्यंत पोचेस्तोवर काकूंनी त्यांच्या वतीनं होकार दिलेला असतो, वस्तू आणलेली असते आणि वापरायलाही काढलेली असते. बैठकीच्या खोलीतला मोरपंखी पडदा असाच आला. काकांना तो आवडतो की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही.

काकूंची नोकरी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, खालून रबराचा वास, आणि काकूंच्या टेबलावर तक्रारींचा फोन. या कामाला त्यांच्यासारखी बाई शोधून सापडली नसती. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला शांतता नकोच असते. काकू त्याच्याशी इतकं बोलत, की मेकॅनिकनं दार उघडलं तरी आतली बाई म्हणायची, थांबा हो जरा, यांच्या नणंदेचं पुढे काय झालं ते ऐकून येते.

या नणंदेनंच काकूंना रकान्यांचा नाद लावला. ती दुसऱ्या गावी औषधांच्या गोदामात साठ्याचं काम बघते. कंपनीत तक्रारी वहीऐवजी स्प्रेडशीटमध्ये लिहायचं ठरलं, तेव्हा काकूंनी तिला फोन लावला. ‘वन्सं, आता तुमच्याशिवाय मला कोणी नाही,’ असं रडक्या सुरात म्हणाल्या. नणंदेनं हे वाक्य ऐकायला किती वर्षं वाट पाहिली होती ते तिचं तिलाच ठाऊक. तिनं दर रविवारी फोनवरून शिकवणी घेतली आणि त्या सगळ्या वर्षांची वसुली केली.

तिनं सांगितलं, वरची ओळ गोठवून ठेव, म्हणजे खाली कितीही घसरलीस तरी कुठला रकाना कशाचा ते डोळ्यासमोर राहील. एका रकान्यात एकच गोष्ट लिही; तारीख, तक्रार आणि तुझी बडबड एकाच चौकटीत कोंबू नकोस. मग आलं लूकअप. एका पानावर तक्रारी, दुसऱ्या पानावर कंपनीच्या इमारतींची यादी: इमारतीचा क्रमांक, पत्ता, आणि तिथली लिफ्ट कुठल्या मेकॅनिकच्या फेरीत येते ते. तक्रारीसमोर नुसता इमारतीचा क्रमांक टाकायचा. सूत्र जाऊन यादीत तो शोधणार आणि मेकॅनिकचं नाव घेऊन येणार. काकूंना हे फार आवडलं. निरोप घेऊन जाणारं आणि उलट उत्तर न करणारं माणूस त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच आलं होतं. पण सूत्र खालच्या ओळींत ओढलं की यादीही त्याच्याबरोबर खाली सरकायची आणि वरच्या इमारती हातातून निसटायच्या. नणंद म्हणाली, वहिनी, डॉलरच्या चिन्हाची खुंटी ठोक, यादी जागची हलणार नाही. काकूंनी खुंट्या ठोकल्या. मग तक्रारींचा अख्खा ढीग मेकॅनिकवार गोळा करून देणारं पिव्होट शिकल्या, त्याचे उभे खांब काढायला शिकल्या, आणि मग त्यांना आवरणं कठीण झालं.

बिल्डिंगीतली सामायिक शिडी कोण किती वेळा नेतं, याचा तक्ता त्यांनी जिन्याशेजारी लावला तो याच दिवसांत. त्यात शिंप्यांचा खांब सगळ्यांच्या वर गेला. शिंपीणबाईंनी तो बराच वेळ न्याहाळला, घरी गेल्या आणि विचारलं की शिडी एवढी येते, तर आपल्या न्हाणीघरातला दिवा वर्षभर बंद का. शिंप्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडची सगळी दुरुस्ती आपणहून केली होती, हे त्यातून बाहेर आलं. चार घरांत चार दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. पोरांनी त्याच आठवड्यात त्यांना रकानाकाकू म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं.

एक गोष्ट मात्र काकूंनी नणंदेची ऐकली नव्हती. सूत्राच्या शेवटी स्वल्पविराम देऊन एक शून्य लिहायला तिनं बजावलं होतं. ते शून्य लिहिलं, की यादीत न सापडलेल्या क्रमांकासमोर नावाऐवजी तिरपी रेघ घातलेली दोन इंग्रजी अक्षरं उमटत, म्हणजे ‘सापडत नाही’. स्वच्छ झाडलेल्या अंगणात कुणी कचरा टाकावा तशी ती काकूंना दिसायची. एकदा चुकून स्वल्पविरामासकट शून्य राहून गेलं आणि काय चमत्कार, सगळ्या चौकटी भरल्या. एकही भोक नाही. काकूंनी वरच्या काही ओळी यादीशी ताडून पाहिल्या. तंतोतंत. तेव्हापासून शून्य गेलं ते गेलंच.

आता मामांविषयी. मामा म्हणजे कंपनीतले सगळ्यांत जुने मेकॅनिक. निवृत्तीला अजून अवकाश होता, पण कपाळ डोक्याच्या मागपर्यंत पोचलं होतं. माणूस संत वगैरे नव्हता. ग्रीस पोळीला लोणी लावावं तसं थापायचा, पत्ता विचारला तर आपला पराक्रम आधी सांगायचा, आणि दर लिफ्टच्या दारावर थाप मारून ‘काय गं, कशी आहेस’ म्हणायचा. बिघाड शोधायची त्यांची रीत एकच: दाराला कान लावायचा, डोळे मिटायचे आणि बाकीच्यांना गप्प बसवायचं. अधूनमधून आवाज बदलून काकूंनाच फोन करायचे. ‘बाई, मी लिफ्टमध्ये अडकलोय, वाचवा.’ काकू पाच मिनिटं धीर देत, घरची चौकशी करत, मग मामा खो खो हसत आणि काकू फोनवरूनच त्यांच्या सात पिढ्यांचा समाचार घेत. महिन्यातून एकदा तरी हे व्हायचंच, आणि दर वेळी काकू फसायच्याच.

कंपनीचे मालक धाकटे साहेब. त्यांचे वडील जाऊन जमाना झाला, साहेबांना नातवंडं झाली, पण धाकटेपण काही सुटलं नाही. त्यांनी एक दिवस काकूंना सांगितलं, की कुणाच्या फेरीतून किती तक्रारी येतात ते एका चित्रात दाखवा. काकूंनी दुपारपर्यंत चित्र तयार केलं. निळे, नेटके खांब, खाली प्रत्येकाचं नाव. बाकीचे खांब कमरेएवढे आणि मामांचा मात्र थेट छताला टेकलेला. साहेब चष्मा वर करून बघत राहिले. बघा, म्हणाले, चित्र असलं की बोलावं लागत नाही.

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मामांना आत बोलावलं, पाणी दिलं, चित्र दाखवलं आणि पुढच्या महिन्यापासून गोदामात बसा म्हणाले. सुटे भाग द्यायचे-घ्यायचे, पायऱ्या चढायला नकोत, आराम. मामा आरडाओरडा करतील म्हणून काकू दाराशी कान देऊन उभ्या होत्या. आतून काहीच आवाज आला नाही. मामा बाहेर आले, काकूंच्या टेबलावरच्या फोनकडे एकदा बघून निघून गेले. त्यानंतर तो अडकल्याचा खोटा फोन आला नाही. काकूंनी ती जागासुद्धा भरून टाकली. मामांना आरामच हवा होता, तोंडानं म्हणत नाहीत इतकंच, असं त्यांनी काकांना सांगितलं. काका काहीतरी म्हणणार होते.

महिनाअखेरीच्या सुट्टीच्या दिवशी मामा काकूंच्या बिल्डिंगीत आले. ही बिल्डिंगही त्यांच्याच फेरीतली. लिफ्टच्या किल्ल्या नव्या माणसासाठी काकूंकडे ठेवून जायच्या होत्या. लिफ्टच्या दारावर त्यांनी थाप मारली नाही, हे काकूंनी वरच्या जिन्यावरूनच टिपलं. चहा नको म्हणाले. जिन्याच्या कठड्याला टेकून किल्ल्या एकेक करून कडीतून सोडवत बसले.

‘तुमच्या तक्त्यात आलं म्हणजे असेल, ताई,’ ते आपणच म्हणाले. ‘कान गेले माझे. परवा एक लिफ्ट करकरत होती की माझा बूट, तेच कळेना. तीनदा चढलो-उतरलो. शेवटी बूट काढून ऐकलं.’

काकूंना हसू आलं. धीर द्यायचा म्हणून त्या बोलल्या. ‘आता ते नदीपलीकडचे काचेचे टॉवर तरी सुटले तुमच्या मागचे. रोज उठून तिथलीच कटकट.’

मामांचा हात कडीवर थांबला. ‘कुठले टॉवर?’

‘ते नवे. सगळ्यांत जास्त फोन तिथूनच येतात ना.’

‘तिथे मी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. ते त्या दोघा नव्या पोरांकडे आहेत. साहेबांनी तोंडीच वाटून दिलेत.’ मग जरा थांबून, ‘का?’

हा ‘का’ असा होता, की एरवी त्याच्यात काकूंनी निदान तीन वाक्यं कोंबली असती. त्या दिवशी एकही सापडलं नाही. किल्ल्या द्या, म्हणाल्या, आणि वर गेल्या.

काका खिडकीत बसून चष्म्याचे इवले स्क्रू डबीत लावत होते. काकूंनी सगळं सांगितलं: टॉवर मामांचे नाहीत, त्यांच्या तक्रारी मामांच्या नावावर कशा गेल्या कळत नाही, यादीत चूक झाली असेल, नाहीतर पोरांचा घोळ असेल, नाहीतर मामाच विसरले असतील. काका ऐकत राहिले. काकूंनी तोंड उघडलं आणि, कसं कोण जाणे, मिटलं. दोघांमध्ये बराच वेळ नुसती डबी वाजत राहिली.

‘काही लोकांना खालची ओळ दिसत नसते,’ शेवटी काका म्हणाले. ‘दिसत नाही म्हणायला लाजतात. मग वरच्या ओळीवरून अंदाजानं सांगतात. कधीकधी बरोबरही येतं. तेच वाईट. मला वाटतं, यांना दिसतंय. मग चष्मा चुकतो.’

लग्नाला इतकी वर्षं झाली, काका एवढं लांब बोलू शकतात हे काकूंना त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टायरवाल्यानं शटर उघडायच्या आधीच काकू वर जाऊन बसल्या. इमारतींची यादी उघडून सरळ तळाशी गेल्या. यादी क्रमांकानं लावलेली होती आणि तिची शेवटची ओळ मामांच्या फेरीतली होती, एका जुन्या दवाखान्याची इमारत. टॉवरचे क्रमांक त्याच्याहून पुढचे, आणि ते यादीत कुणी लिहिलेच नव्हते. तेव्हा कुठे काकूंच्या लक्षात आलं. शेवटी शून्य नसलं, की तो निरोप्या अगदी तोच क्रमांक शोधत नाही. तो नाही मिळाला तर त्याच्याआधीच्या क्रमांकावर थांबतो आणि तिथलं नाव घेऊन येतो. यादीत असलेल्या इमारती बिनचूक येत होत्या, म्हणून वरच्या ओळी ताडताना संशय आला नव्हता. आणि यादीच्या पुढे जे जे होतं, ते सगळं रांगेच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर कोसळत होतं. तिथे मामा होते. दुसरं कोणी असतं तर त्याच्या.

काकूंनी शून्य लिहिलं आणि सूत्र खालपर्यंत ओढलं. रकाना पालथा झाला. नावांच्या मधेमधे ती दोन इंग्रजी अक्षरं उगवली, आधी विरळ, मग खाली नुसती तीच. कचरा, कचरा, कचरा. त्यांनी चित्र उघडलं, तर मामांचा खांब होता तिथेच छताला टेकलेला. क्षणभर काकूंना इतकं हायसं वाटलं, की त्याचं त्यांना नंतर किती तरी दिवस वाईट वाटत राहिलं. मग नणंदेचं बोलणं आठवलं. पिव्होट आपणहून बदलत नाही, त्याला ताजं कर म्हणून सांगावं लागतं. काकूंनी ताजं केलं. मामांचा खांब बाकीच्यांच्या रांगेत, किंचित वर, येऊन बसला. त्याच्या पलीकडे एक नवा उभा राहिला. सगळ्यांत उंच. त्याच्या पायाशी नाव नव्हतं, नुसती ती दोन अक्षरं होती.

साहेब आल्यावर काकूंनी त्यांना खुर्चीवर बसूही दिलं नाही. चित्र चुकलं, म्हणाल्या, आणि चूक माझी. मला भोकं दिसलेली आवडत नाहीत, म्हणून ती बुजली जातील असंच सूत्र ठेवलं. साहेबांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी धरून पाहिली. टॉवरची वाटणी त्यांनीच तोंडी केली होती आणि यादीत घालायला सांगायचं तेच विसरले होते. शेवटी टक्कल चोळत म्हणाले, की मामांना परत फेरीवर पाठवू, त्यात काय. पण हा बिननावाचा खांब मात्र काढा. बाहेरच्या लोकांना दाखवायचं चित्र आहे, आपली शोभा होते.

‘काढला तर पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर पडेल,’ काकू म्हणाल्या.

मग त्या दोघा पोरांच्या नावावर अर्धा अर्धा टाका, साहेबांनी तोडगा काढला. कुठला टॉवर कुणाचा, असं काकूंनी विचारलं. ते साहेबांना सांगता येईना. अंदाजे घाला ना, म्हणाले, तुम्ही तर सगळ्यांची वाक्यं पुरी करता. यावर एरवी काकू रुसल्या असत्या. पण तो टोला त्यांनी गपगुमान घेतला आणि म्हणाल्या, ती पोरं येऊ देत, एकेक टॉवर विचारून लिहू. तोवर खांब राहील तसाच. साहेबांनी हात जोडले. तो खांब भिंतीवर टाचलेल्या चित्रात आठवडाभर राहिला, आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस विचारायचा, हा कोणाचा हो? काकू म्हणायच्या, अजून माहीत नाही. हे तीन शब्द त्यांच्या तोंडून निघताना बघायला खालचा टायरवालाही एकदा वर येऊन गेला.

मामांना सांगायला मात्र त्या स्वतः गोदामात गेल्या. मामा एका पेटीवर बसून नटांची वर्गवारी करत होते, डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त. काकूंनी टॉवरचं सांगितलं, शून्याचं सांगितलं, यादीच्या टोकाचं सांगितलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, हसलेही नाहीत.

‘म्हणजे माझे कान चांगले आहेत,’ ते म्हणाले. म्हणाले म्हणजे विचारलंच.

हो, अगदी शाबूत, हे वाक्य काकूंच्या जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं, धुऊन पुसून, इस्त्री करून. याच्याहून सोपं काही नव्हतं. माणूस समोर बसला होता, त्याला तेवढंच हवं होतं.

‘ते मला माहीत नाही, मामा,’ काकू म्हणाल्या. ‘त्या तक्रारी तुमच्या नव्हत्या, एवढंच माहीत आहे. तक्त्यात कानाचा रकाना नाही.’

मामा ‘बरं’ म्हणाले आणि उरलेले नट डब्यात ओतून उठले. काकू तिथून परतल्या त्या आपण भलतंच बोललो अशी खात्री घेऊनच. घरी येऊन त्यांनी काकांना सगळं सांगितलं, आणि बरोबर केलं का, असं विचारून दारातच उभ्या राहिल्या. काका विचार करू लागले. काकू उभ्याच. दूध उतू जाईस्तोवर उभ्या. ‘हो,’ काका म्हणाले, आणि मग, बोलायला सुरुवात झालीच आहे तर, ‘तो पडदा मला आवडत नाही.’

मामा फेरीवर परत गेले, पण गुपचूप. किल्ल्या नेल्या, सही केली, ताई म्हणून हाकही मारली. थट्टा नाही, पराक्रम नाही. नवी पोरं सांगायची, की मामा आता एकेक लिफ्ट दोनदोनदा तपासतात आणि तरी मान हलवतात. तक्ता सुधारला होता. माणूस सुधारायला त्यात कुठे ताजं करायचं बटण नव्हतं. फोन वाजला की काकू आधी आवाज नीट ऐकायच्या, आणि तो कुणा खऱ्याच अडकलेल्या माणसाचा निघायचा.

मोरपंखी पडदा उतरून खिडकी उघडीबोडकी झाली, शेजारच्यांना काकांचे स्क्रूसुद्धा दिसू लागले, आणि सगळे टॉवर विचारून विचारून यादीत लिहून झाले, त्याच्याही नंतरची गोष्ट. ऐन कामाच्या वेळी फोन वाजला. पलीकडे घोगरा, नाकातला आवाज.

‘बाई, मी लिफ्टमध्ये अडकलोय.’

काकूंनी पहिल्या शब्दाला ओळखलं. आजवर पहिल्यांदाच त्या फसल्या नाहीत. सात पिढ्यांचा समाचार घशाशी तयार होता. पण त्यांनी नवी ओळ उघडली, तारीख टाकली, आणि विचारलं, ‘कुठल्या इमारतीत?’

तिकडून नुसता, दूरवर लोखंडावर लोखंड घासल्याचा बारीक आवाज येत होता. काकू बोलल्या नाहीत. समोर चौकट रिकामी, तिच्यात कर्सर उघडझाप करत होता.

‘थांबा, ताई,’ मामा आपल्या खऱ्या आवाजात, कुजबुजत म्हणाले. ‘जरा ऐकू द्या.’

काकूंनी फोन कानाशी घट्ट धरला आणि थांबल्या.